चिठ्ठीवर छापलेले भाव

डॉक्टर होऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि छातीच्या एका एक्स-रेला किती पैसे पडतात हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ते कळलं एका बैठकीत, चारचौघांदेखत.

आमचा दवाखाना वर्ध्यात, नालवाडीच्या बाजूला होता. गावातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून उभा केलेला. साध्या वॉर्डात रोग्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा तिथला पहिल्यापासूनचा नियम. आम्ही डॉक्टर तिघं. मोठे डॉक्टर पन्नाशीचे, मितभाषी, सगळ्या जिल्ह्यात त्यांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती. पुरुषांच्या वॉर्डात माझ्याच वयाचा एक सहकारी, नागपूरला कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे असलेला. आणि बायकांच्या वॉर्डात मी. व्हरांड्याच्या टोकाला प्रयोगशाळेची एक खोली होती. तिथे एक गृहस्थ एकटे रक्त, लघवी, बेडका तपासत बसायचे. रोगी त्यांना रक्तवाले भाऊ म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो.

संस्थेचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर होते. थंडीचे दिवस होते. त्यांनी आम्हाला बोलावलं, चहा दिला आणि वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, "छातीचा एक एक्स-रे काढला की संस्थेला किती पडतात?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "तीन-चार रुपये असतील."

सहकारी हसला. म्हणाला, "आठ."

माझी पाळी आली. मला वाटलं, कमी सांगितलं तर खर्चाची जाण नाही असं दिसेल. मी म्हटलं, "वीस."

"बारा," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही तिघंही नापास." पण त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. फिल्म आणि रसायनं नागपूरहून येतात, महाग झालीत, वर्गणी वाढत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तपासणी करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. ते तुमचं क्षेत्र आहे. पण बाजारात जाणाऱ्याला भाव ठाऊक असावा. मी फक्त तो तुम्हाला दिसेल असं करतो."

महिन्याभरात नव्या चिठ्ठ्या छापून आल्या. पूर्वी आम्ही कोऱ्या कागदावर हव्या त्या तपासण्या लिहायचो. आता डावीकडे तपासण्यांची नावं, उजवीकडे प्रत्येकीचा भाव, आणि मध्ये खूण करायला चौकोन. लघवी चार आणे, बेडका सहा आणे, रक्ताची काच आठ आणे, रक्तातली साखर दोन रुपये, नागपूरला पाठवायची विषमज्वराची तपासणी पाच रुपये, आणि सगळ्यांत खाली छातीचा एक्स-रे बारा रुपये. सगळं मराठीत. दवाखान्याचा कागद लोकांच्या भाषेत असला पाहिजे असा सेक्रेटरींचा आग्रह होता, आणि तो आम्हा सगळ्यांना पटला होता.

पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेतली, उजव्या बाजूच्या आकड्यांवर डाव्या हाताचा अंगठा आडवा ठेवला आणि खुणा केल्या. पुढेही ते तसंच करत राहिले. सहकारी म्हणायचा, "आपल्याला काय, हॉटेलातली पाटी आहे असं समजायचं. वाचायची आणि हवं ते मागवायचं."

मला दोन्ही जमलं नाही. माझे डोळे आधी उजवीकडे जायचे. एखाद्या बाईची नाडी पाहताना डोक्यात सरळ विचार चाललेला असायचा, आणि चिठ्ठी पुढे आली की तो अडखळायचा. आठवड्याभरात मला एक विचित्र गोष्ट जाणवली. लघवीच्या तपासणीवर मी जवळजवळ प्रत्येकीला खूण करत होते. चार आणे तर आहेत, होऊन जाऊ दे. गुडघा सुजलेल्या म्हातारीचीही लघवी मी पाठवली. रक्तवाले भाऊ बाटल्यांची रांग दाखवून म्हणाले, "बाई, आजकाल तुमच्या वॉर्डाले काय झालं? इतक्या बाटल्या त कधी येत नव्हत्या."

म्हणजे भाव बघून मी काटकसर करत होते की उधळपट्टी? खालच्या बारा रुपयांपाशी मात्र माझं पेन थांबायचं हे खरं. थांबणं वाईट का? थांबून विचार करावा म्हणूनच तर ते छापलं होतं. पण मी तिथे रोग्याचा विचार करत होते की बाराचा, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास आंजी गावाहून ती बाई आली.

वय पंचवीसच्या आसपास. तीन महिन्यांची बाळंतीण. तीन आठवड्यांपासून संध्याकाळचा ताप, खोकला, जेवण जात नाही. सोबत नवरा होता आणि मूल घेऊन सासू. नवरा जवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होता. धुतलेला सदरा, खिशाला पेन. त्या वर्षी दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन आलेल्या कितीतरी कुटुंबांपैकी त्यांचंही एक कुटुंब, हे त्यानेच नाव सांगताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी तिला तपासलं. छातीत डावीकडे वर काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण खात्री नव्हती. मी चिठ्ठी घेतली. बेडका, रक्ताची काच, लघवी, अशा खुणा केल्या. एक्स-रेच्या चौकोनापाशी पेन थांबलं. मनाशी म्हटलं, आधी बेडका पाहू, त्यात काही निघालं नाही तर फोटो काढू. या विचारात वैद्यकाच्या दृष्टीने काही चूक नव्हती. आजही मी कुणाला चूक म्हणून दाखवू शकणार नाही. मात्र दोन महिन्यांपूर्वी, कोऱ्या कागदावर, मी त्याच दिवशी एक्स-रे लिहिला असता हेही तितकंच खरं.

चिठ्ठी मी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही रक्तवाल्या भाऊंकडे द्या."

तो गेला नाही. उभ्या उभ्या त्याने ती वरून खालपर्यंत वाचली.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा."

"हे खालचं बारा रुपयाचं काऊन नाई केलं?"

"त्याची आज गरज नाही."

"गरज नाई, का आमची ऐपत नाई?"

मी गडबडले. म्हटलं, "अहो, तुम्हाला काहीच द्यायचं नाही. इथे पैसे पडत नाहीत. सगळं दवाखाना करतो."

"मंग हे भाव कोणासाठी लिवले?"

"डॉक्टरांसाठी."

त्याने चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं. तो टोमणा मारत नव्हता. "डाक्टरले कायले पाह्यजे भाव? तुमी काय इकून राह्यले का घेऊन राह्यले?"

सेक्रेटरींच्या खोलीत चहा घेताना सगळं किती साधं वाटलं होतं, बाजारात जाणाऱ्याला भाव ठाऊक असावा. पण इथे बाजारात कोण गेलं होतं? पैसे देणारे सेक्रेटरी इथे नव्हते, ज्या बाईच्या छातीचा फोटो काढायचा ती खाटेवर डोळे मिटून पडली होती, आणि भाव वाचत होतो आम्ही दोघं, ज्यांना त्यातला पैसाही द्यायचा नव्हता.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "राग नका मानू, बाई. मले आजकाल असं होते. कोणी मले बाजूले केलं, का मनात येते, हे काऊन केलं असन? आधी असं येत नव्हतं. आधी वाटे, असंच असते. आता वाटते, इचारून त पाहू. कदाचित माह्यंच चुकत असन."

"तुमचं चुकत नाही," मी म्हणाले. म्हणजे नेमकं काय म्हणाले, मला कळलं नाही. मी त्याची जात पाहून पेन थांबवलं नव्हतं याची मला खात्री होती. त्याची गरिबी पाहून? त्याचे पैसे जाणारच नव्हते. मग बारा हा आकडा पाहून? असेल. पण तोच आकडा पाहून मागच्या आठवड्यात एका वकिलाच्या बायकोच्या चिठ्ठीवर मी खूण केली होती, हे मला त्याच क्षणी आठवलं. तिचा खोकला याच्या बायकोपेक्षा कमी होता. का केली होती खूण? तिच्या नवऱ्याने मागितली म्हणून? आता हाही मागतच होता.

मी चिठ्ठी परत घेतली आणि खालच्या चौकोनात खूण केली. ती खूण मी रोग्यासाठी केली की त्या माणसासमोर मला उभं राहवेना म्हणून, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फिल्म आली. मोठ्या डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. डावीकडे वर, गळ्याखालच्या हाडाच्या मागे, पुसट काहीतरी होतं.

"आहे का काही?" मी विचारलं.

"असेल. नसेलही."

सहकाऱ्याने पाहिली. तो म्हणाला, "मला तर नुसती हाडाची सावली दिसते. बारा रुपयांची सावली."

बेडका तपासून झाला होता. त्यात काही नव्हतं. रक्तातही काही नव्हतं. मी फिल्म घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि रक्तवाल्या भाऊंना दाखवली. खरं तर त्यांना फिल्म दाखवण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बाई, मले यातलं समजत नाई. पण तुमी मले हे दाखवलं नसतं त मी काच पाच मिन्ट पाह्यली असती. सकाळचा बेडका पुन्ना पाठवजा. आता मी बसतो."

सकाळी त्यांनी नवा बेडका घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा ते वॉर्डाच्या दाराशी आले आणि मला नुसती हाताने खूण केली. मी जाऊन पाहिलं. निळ्या रंगावर दोन लाल काड्या. खूप शोधून सापडलेल्या, पण होत्या. क्षय.

बाईला व्हरांड्याच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. इंजेक्शनं सुरू झाली. मूल सासूसोबत आंजीला परत गेलं. आईपासून त्याला लांब ठेवायचं हे सांगणं माझ्याकडेच आलं. सासू म्हणाली, "दूध कोणाचं देऊ मी त्याले?" आणि मी शेळीच्या दुधाबद्दल, उकळण्याबद्दल बोलत राहिले.

रोग सापडला म्हणून सगळे माझं कौतुक करत होते आणि मी अधिकच गोंधळले होते. रोग सापडला सहा आण्याच्या तपासणीत. म्हणजे एक्स-रेची गरज नव्हती हे माझं पहिलं म्हणणं बरोबर होतं. पण एक्स-रेत तो पुसट ठिपका नसता तर भाऊ तेवढा वेळ बसले नसते, आणि दुसरा बेडका मी लगेच मागितलाही नसता. म्हणजे माझं म्हणणं चूक होतं. मी हे सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार विचार करतेस. रोग सापडला ना?" मग मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी अंगठा का ठेवतो सांगू? आकडा दिसला तर माझा निर्णय बदलेल याची मला भीती नाही. तो कशामुळे बदलला हे मला कळणार नाही, याची आहे."

एप्रिलात आणे गेले आणि रुपयाचे शंभर नये पैसे आले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा आण्यांतच छापलेला होता, तेव्हा कंपाउंडरने बसून प्रत्येक चिठ्ठीवर लाल शाईने नवे आकडे घातले. चार आण्यांचे पंचवीस झाले, आठ आण्यांचे पन्नास. किंमत तीच. पण चार दिसलं की मी पटकन खूण करायची आणि पंचवीस दिसलं की थबकायची. एवढं शिकलेली मी, आणि आकडा बदलल्यावर माझ्या हाताला लघवीची तपासणी महाग वाटू लागली. बारा रुपये मात्र बारा रुपयेच राहिले. तिथे काही बदल नव्हता, आणि गंमत म्हणजे पंचवीस-पन्नासच्या रांगेत ते बारा आता लहान दिसायचे.

उन्हाळ्यात तापाची मोठी साथ आली. व्हरांड्यात जमिनीवर माणसं. चिठ्ठ्या वाचायला कुणाला सवड नव्हती. पाऊस सुरू झाल्यावर ती ओसरली, आणि मग सेक्रेटरींनी आम्हाला पुन्हा बोलावलं. त्यांना पाहायचं होतं की भाव छापल्याने काय झालं. रक्तवाल्या भाऊंनी गेल्या वर्षाच्या आणि या वर्षाच्या वह्या आणल्या होत्या.

"काय दिसतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"साहेब, तपासण्या जवळपास तितक्याच आहे."

"कमी नाहीत?"

"काई कमी, काई जास्त. मिळून तितक्याच."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला कुणालाच काही वाटलं नाही?"

"मला फार वाटलं," मी म्हटलं. "रोज वाटलं."

"मग ते वह्यांत का दिसत नाही?"

भाऊंनी जरा संकोचून सांगितलं की एका माणसाच्या चिठ्ठ्या मात्र बऱ्याच कमी झाल्यात. मोठ्या डॉक्टरांच्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. अंगठ्याने आकडे झाकणाऱ्या माणसाच्या तपासण्या कमी, आणि आकड्यांनी झोप उडालेल्या माझ्या तेवढ्याच!

"मी महिनाभर भावाच्या आजारपणात अकोल्याला होतो," मोठे डॉक्टर म्हणाले.

"आणि साथीचं काय?" सहकारी म्हणाला. "साथ नसती तर कदाचित कमी झाल्या असत्या. किंवा साथीत आपण काही तपासलंच नाही, म्हणून वाढल्या नाहीत. कसं ठरवणार?"

सेक्रेटरी हेडमास्तर होते. उत्तर येत नाही अशा गणितावर वर्ग सोडून देणारे नव्हते. त्यांनी भाऊंच्या वह्या घरी नेल्या. आठ दिवसांनी परत आणून दिल्या आणि एवढंच म्हणाले, "मला ठरवता येत नाही." छापखान्याकडून निरोप आला होता की नये पैसे घालायचे तर छपाईचे सगळे खिळे पुन्हा जुळवावे लागतील. त्यांनी भावांची बाजू काढून टाकून चिठ्ठ्या छापायला सांगितल्या. हरल्यासारखे दिसले नाहीत, जिंकल्यासारखेही नाहीत. जाता जाता मला म्हणाले, "तुम्ही काय केलं असतं माझ्या जागी?" मी म्हटलं, मलाही ठाऊक नाही. ते खरंच होतं. भाव दिसेनासे झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची लाजही वाटली. बारा रुपये कुणाच्या तरी खिशातून जातच होते.

आंजीची ती बाई दिवाळीच्या आधी बरी होऊन घरी निघाली. गालांवर मांस चढलं होतं. इतके महिने ती फारसं बोलली नव्हती. नवरा दर रविवारी यायचा आणि तोच बोलायचा. त्या दिवशी तो मोटारीची वेळ विचारायला गेला होता आणि ती लुगड्याचं गाठोडं बांधत होती. मी तिला औषधं समजावली, सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. ती ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "बाई, मी आली त्या दिवशी तुमी आन् हे माह्या खाटेपाशी भांडून राह्यलते."

"भांडत नव्हतो."

"बारा रुपये, बारा रुपये चाललं होतं. मले तापात काई समजे नाई. मले वाटलं, मलेच इकून राह्यले. मनात म्हणलं, बाराच रुपये?" आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

मीही हसले. मग तिला सांगावं वाटलं की ते तुझे नव्हते, फिल्मचे होते, दवाखान्याचे होते, तुला कुणी काही विचारलं नाही याचं मला वाईट वाटतं. पण सुरुवात कुठून करायची ते कळेना, आणि ती काही समजावून मागत नव्हती.

सासू मुलाला घेऊन फाटकाशी थांबली होती. मूल आता वर्षाच्या घरात आलेलं, भिंत धरून उभं राहणारं. आई जवळ आली, हात पुढे केले. त्याने तिच्याकडे पाहिलं, आजीच्या मानेत तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडायला लागलं. तिने हात मागे घेतले. नवरा मोटारीची वेळ सांगत होता, ती ऐकत नव्हती. मग आजीने मूल तिच्या कडेवर जवळजवळ ढकललंच. ते रडतच होतं, आणि ती त्याला थोपटत, काहीबाही बोलत, मोटार स्टँडच्या रस्त्याने चालू लागली.